वैमानिकाची चूक, की फेऱ्यांचे अर्थकारण?

८ मे २०२५ रोजी गंगोत्रीच्या वाटेवर गंगनानीजवळ बेल ४०७ जातीचे एक हलके हेलिकॉप्टर कोसळले आणि सहा जण प्राणास मुकले. १५ जून रोजी गौरीकुंडाजवळच्या जंगलात त्याच जातीचे दुसरे हेलिकॉप्टर पडले. त्यात वैमानिकासह सातही जण गेले. मृतांत महाराष्ट्रातील यात्रेकरू होते. १८ ऑक्टोबर २०२२ रोजी गरुडचट्टीजवळ सात जणांचा असाच अंत झाला होता. शोक व्यक्त होतो, मदत जाहीर होते, चौकशीची घोषणा होते आणि काही काळाने फेऱ्या पुन्हा सुरू होतात.

चौकशीतून काय निघाले? गंगनानीच्या अपघाताचा प्राथमिक अहवाल सांगतो की, हेलिकॉप्टर नेमून दिलेल्या उंचीवरून खाली आले, रस्त्यावर उतरण्याचा प्रयत्न झाला आणि मुख्य पाते वरून गेलेल्या तारेवर आदळले. १५ जूनच्या बाबतीत महासंचालनालयाचे प्रथमदर्शनी मत असे की, खोऱ्याच्या तोंडाशी ढग दाटले असताना उड्डाण झाले व हेलिकॉप्टर डोंगरावर आदळले असावे. ही माहिती मोलाची आहे; परंतु तेथे चौकशी संपत नाही, सुरू होते. ऑगस्ट २०१९ मध्ये याच उत्तरकाशी जिल्ह्यात पूरग्रस्तांना मदत पोचविणारे हेलिकॉप्टर तारेला लागून पडले होते व तिघे दगावले होते. मधल्या सहा वर्षांत त्या डोंगरांतील तारांची नोंद कोणी केली, ती वैमानिकांपर्यंत कोणी पोचविली, हे विचारल्यावाचून चौकशी पुरी कशी म्हणावी?

केदारनाथ समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. तेथील विरळ हवेत पात्यांना उचल कमी मिळते, इंजिनाची शक्तीही घटते. अरुंद खोऱ्यात ढग आडवा आला तर मागे वळण्यास जागा उरत नाही. गौरीकुंडापासूनची सुमारे सोळा किलोमीटरांची चढण हेलिकॉप्टर काही मिनिटांत पार करते. हंगाम मात्र थोड्या महिन्यांचा आणि उत्पन्न फेरीमागे. हवा निवळेपर्यंत जमिनीवर थांबलेल्या हेलिकॉप्टरला कोणी भाडे देत नाही. सावधगिरीचा तोटा मालकाच्या हिशेबात आणि धाडसाचा धोका वैमानिकाच्या व प्रवाशांच्या जिवावर, अशी ज्या धंद्याची मांडणी आहे तेथे घाई होणारच. १५ जूनच्या उड्डाणाबाबत पोलिसांत दाखल झालेल्या तक्रारीत, नेमलेल्या वेळेआधीच हेलिकॉप्टर उडविल्याचा आरोप आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील. परंतु ही घाई कोणाच्या लाभाची, हा प्रश्न न्यायालयापुरता नाही. वैमानिक हाही पगारी कामगारच आहे. 'वैमानिकाची चूक' असा शेरा मारून फाईल मिटविणे म्हणजे मृत कामगाराच्या माथी मालकाचे अंदाजपत्रक मारणे होय.

असे शेरे खोडून काढण्याची ताकद चौकशी करणाऱ्यांत हवी. २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण ब्यूरो स्थापन झाला, ही सुधारणा होती. तत्पूर्वी नियंत्रण करणारे महासंचालनालयच अपघातांची चौकशी करी. परंतु ब्यूरोही त्याच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या छत्राखाली राहिला आणि २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती रचना कायम ठेवली. रेल्वेचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. रेल्वेने स्वतःचीच चौकशी करू नये म्हणून १९४१ मध्ये रेल्वे निरीक्षक रेल्वे बोर्डाच्या अधिकाराबाहेर काढण्यात आले, आणि रेल्वे सुरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. रेल्वेसाठी जे तत्त्व स्वातंत्र्यापूर्वीच मान्य झाले, ते त्याच मंत्रालयाने स्वतःला लावू नये, याचे समर्थन कसे करता येईल? अमेरिकेनेही १९७४ च्या कायद्याने आपले अपघात अन्वेषण मंडळ वाहतूक खात्यातून वेगळे काढले.

काही कार्यकर्ते म्हणतील, हेलिकॉप्टर ही सुखवस्तूंची चैन. तिची चिंता समाजवाद्यांनी का वाहावी? पण त्या फेऱ्यांत पायी चढू न शकणारे वृद्ध आणि आजारी असतात, पूर आल्यावर तेच हेलिकॉप्टर गावकऱ्यांना धान्य पोचविते. शिवाय प्रश्न एका वाहनाचा नाही. कारखान्यातील बॉयलर फुटतो, खाणीचे छत कोसळते, तेव्हाही दोष प्रथम कामावरच्या माणसाला दिला जातो.

म्हणून तीन मागण्या धरल्या पाहिजेत. अपघात अन्वेषण यंत्रणा मंत्रालयातून काढून संसदेला उत्तरदायी करावी. प्रत्येक अहवालातील शिफारशींचे काय झाले, याचा वृत्तांत दरवर्षी संसदेपुढे ठेवावा. आणि हवा वाईट म्हणून उड्डाण नाकारणाऱ्या वैमानिकाच्या नोकरीस व वेतनास निविदेच्या अटींतच संरक्षण द्यावे. यांतील तिसऱ्या मागणीला कायदा बदलण्याचीही गरज नाही. पुढच्या हंगामाच्या करारात ती घालता येईल. तेवढेही होत नसेल, तर शासनाला कशाची अधिक काळजी आहे ते जनतेने ओळखावे.