मत्स्यालयातील ‘आलय’

आमच्या मराठी विभागाच्या खोलीत, संदर्भग्रंथांच्या कपाटाशेजारी, दोन फुटी काचेची एक टाकी आहे. निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्यांनी ती विभागाला भेट दिली, तेव्हा आम्ही तिचे स्वागत मोठ्या उत्साहाने केले. चार गोल्डफिश, दोन एंजल, आठ निऑन टेट्रा, एक फायटर आणि ‘हा काच साफ ठेवतो’ असे सांगून दुकानदाराने आग्रहाने दिलेला एक सकर, असे सोळा जीव एकाच दुपारी तिच्यात सोडले. दोन महिन्यांनी त्यांपैकी तीन उरले. हा लेख उरलेल्या तेरांविषयी आहे. आणि ‘मासेच ते, मरायचेच’ असे म्हणून आम्ही जी पळवाट शोधली, तिच्याविषयीही.

भाषा शिकवणे हा आमचा व्यवसाय, तेव्हा शब्दांपासूनच आरंभ करणे बरे. आपण ‘शोभेचे मासे’ म्हणतो. त्या विशेषणानेच नामाचे भवितव्य ठरवून टाकलेले असते, कारण शोभा ही पाहणाऱ्याची असते, माशाची नव्हे. उलट ‘मत्स्यालय’ हा शब्द अधिक न्यायी आहे. विद्यालय, ग्रंथालय, देवालय यांच्याच पंक्तीत तो बसतो आणि जो आत राहतो त्याच्या निवासाची हमी देतो. आम्ही त्या समासाचे पूर्वपद विकत आणले आणि उत्तरपदाची चौकशीच केली नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तरी सुमारे 56 लिटर पाणी मावते. खडी वजा जाता पन्नासच्या आसपास. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात आणि तो त्यांनाच विषारी असतो. खडीत आणि फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व मग तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही सोळाही मासे पहिल्याच दिवशी सोडले. इतके करून थांबलो असतो तरी चालले असते. पण दर शनिवारी सगळे पाणी उपसून, खडी आणि स्पंज नळाखाली घासून धुण्याचा नेमही आम्ही निष्ठेने पाळला. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने जे थोडे जिवाणू वाढत होते त्यांचाही निकाल लावला. टाकी मात्र नितळ दिसत होती. नितळ म्हणजे निर्मळ नव्हे, हे अर्थभेदाचे उदाहरण आम्ही वर्गात कधी दिले नव्हते.

वास्तविक मत्स्यालयाच्या छंदाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. 1850 साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोल्डफिशच्या जोडीला पाणवनस्पती लावल्या. कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागले तेव्हा त्याने गोगलगायी आणून तो तोल सावरला. आरंभी मत्स्यालय ही अशी तोलाची परीक्षा होती. दिवाणखान्याची सजावट ती पुढे झाली.

आता मापाविषयी. ‘एका गॅलनला एक इंच मासा’ हा हिशेब अनेक छंदिष्ट सांगतात. तो सोपा आहे, म्हणूनच फसवा आहे. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होते. दहा इंची एक मासा म्हणजे एक इंची दहा मासे नव्हेत. तो त्यांच्या शंभरपट भरतो. शिवाय दुकानात आपण विकत घेतो ते माशाचे बालपण. बोटाएवढा गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो आणि दहा वर्षे सहज जगतो. ‘मासा टाकीच्या मापानेच वाढतो’ हे वचन आम्हालाही ऐकवले गेले. वाढ खुंटणे आणि जुळवून घेणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे शिक्षकांना तरी सांगायला नको. रोम शहराने 2005 साली गोल्डफिशसाठी गोल भांड्यांवर बंदी घातली, तेव्हा पुष्कळांना ते हास्यास्पद वाटले होते. आम्हालाही वाटले असते.

सहवासाचा प्रश्न याहून नाजूक आहे. गोल्डफिश थंड पाण्यातला, निऑन आणि एंजल उष्ण कटिबंधातले. एंजल व निऑन दोघेही अॅमेझॉन खोऱ्यातले. तेव्हा ते गावबंधूंसारखे नांदतील असा आमचा भाबडा तर्क होता. पण पुरती वाढलेली एंजल तोंडात मावणारा मासा गिळते. गावात त्यांचे नाते भक्षक आणि भक्ष्याचेच असते. निऑन थव्याने राहणारा. संख्या घटत गेली तसे उरलेले निऑन वनस्पतीआड दडून राहू लागले आणि अखेर दिसेनासे झाले. फायटर हा थायलंडच्या संथ, उथळ पाण्यातला मासा. हवेतून श्वास घेऊ शकतो म्हणून तो बरणीतही तग धरतो. आणि तग धरणे हेच त्याचे सुख मानून तो बरण्यांत विकला जातो.

उरले ते दोन एंजल आणि सकर. सकर वाढतच होता. या जातीचे मासे दीड फुटापर्यंत जातात. ‘नदीत सोडून द्या, पुण्य लागेल,’ अशी सूचना आली. ते पुण्य नव्हे. असेच सोडलेले सकर आज देशातल्या अनेक जलाशयांत फोफावले आहेत. उजनीच्या मच्छिमारांच्या जाळ्यातही ते सापडतात. टाकीच्या मापाची चूक अशी धरणापर्यंत पोहोचते. आम्ही तिघांनाही मोठी टाकी असलेल्या एका परिचितांकडे पोहोचवले.

मुळात जीव काचेत ठेवावेतच का, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे आणि त्याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर आमच्यापाशी नाही. पण ज्याला ठेवायचेच आहेत, त्याने दुकानात रंग पाहण्याआधी चार प्रश्न विचारावेत: हा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, एकटा राहतो की थव्याने, याला पाणी कसे लागते, आणि हा कोणाला खातो? एवढे विचारण्याचा कंटाळा असेल, तर टाकी घेऊच नये.

पुढे आमची टाकी पाच आठवडे माशांविना, नुसत्या वनस्पती आणि फिल्टरवर चालू होती. पाण्यात अमोनियाचे थेंब घालून आम्ही जिवाणू वाढवत होतो. विद्यार्थी डोकावून विचारत, ‘सर, मासे कुठे आहेत?’ आम्ही म्हणत असू, ‘अजून घर तयार नाही.’ आता तिच्यात दहा निऑन आहेत, दुसरे कोणी नाही. येणाऱ्यांना ती जरा रिकामी वाटते.