धक्के टायर झेलतो, टायटॅनियम नव्हे



‘टायटॅनियमची सायकल धक्के गिळते’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. या धातूचा ताठरपणा पोलादाच्या साधारण निम्मा, हे खरे. पण ती उणीव नळ्यांचा व्यास वाढवून भरून काढतात. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर नळीचा वाकण्याला होणारा विरोध सुमारे आठपट होतो. शिवाय त्रिकोणी सांगाडा उभ्या दिशेने जेमतेम लवतो. धारूर घाटातल्या खडीवर टायर त्याच्या कितीतरी पट दबतो. फरक जाणवतो, असे सांगणाऱ्यांना मी खोटे ठरवत नाही, पण तो बहुधा टायर, त्यातली हवा आणि सीटपोस्ट यांचा असतो. जोरात पॅडल मारताना सांगाडा आडवा लवतो, ती गोष्ट वेगळी. टायटॅनियम गंजत नाही, हा गुण मात्र निर्विवाद. बालाघाटच्या वाटांवर सायकल नेणाऱ्यांनी पैसे आधी रुंद टायरवर खर्च करावेत.

– एक वाचक, बीड