इतिहास घ्यायचा, पण कोणता?

काही वर्षांनी तुमच्यापैकी कोणी नांदेड किंवा लातूरच्या महाविद्यालयात बी.ए.चा अर्ज भरत असेल. इतिहास हा विषय घेतला की पुढचा प्रश्न येतो, त्यातले कोणते पेपर निवडायचे? प्राचीन भारत, मराठ्यांचा इतिहास, आधुनिक युरोप, मराठवाड्याचा इतिहास अशी नावे कानावर येतात. सगळे पेपर सगळीकडे मिळत नाहीत. पण जिथे निवड करता येते तिथे पुष्कळ मुले एकच गोष्ट विचारतात, "गाइड कशाचे मिळते?"

माझे मत असे, की उर्दू माध्यमातून आलेल्या मुलामुलींनी मराठवाड्याचा किंवा हैदराबाद संस्थानाचा इतिहास मिळत असेल, तर तो आधी घ्यावा. युरोपवर माझा राग नाही. तो नंतरही शिकता येईल.

कारण सांगतो. आजचे नांदेड आणि लातूर हे जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याची दप्तराची भाषा आधी फारसी आणि नंतर उर्दू होती. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तिथे उच्च शिक्षणही उर्दूतून मिळे. म्हणजे आपल्या भागाचे कितीतरी जुने कागद उर्दू लिपीत आहेत. इतरांना ती लिपी मुळापासून शिकावी लागते. तुम्ही ती पहिलीपासून वाचता! उर्दू माध्यमामुळे तुम्ही मागे पडलात, असे कोणी म्हणाले तर निदान या विषयात ते खरे नाही.

सेतुमाधवराव पगडी यांचे नाव तुम्ही ऐकले आहे का? त्यांचा जन्म १९१० साली आताच्या लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचा. ते हैदराबाद संस्थानाच्या नोकरीत होते. मराठी, उर्दू आणि फारसी या तिन्ही भाषा त्यांना उत्तम येत. भीमसेन सक्सेना नावाचा एक माणूस मोगलांच्या चाकरीत दक्षिणेत होता. त्याने आपल्या आठवणी फारसीत लिहून ठेवल्या. पगडींनी त्या मराठीत आणल्या, म्हणून मराठी वाचकाला मराठे-मोगल लढायांची दुसरी बाजू वाचता आली.

आता थोडे अवघड बोलतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. नांदेडचे विद्यापीठ त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे आहे. ते १९९४ साली त्याच तारखेला स्थापन झाले. या दिवसांची हकिकत एका घरात एक आणि शेजारच्या घरात दुसरी ऐकू येते. रझाकारांनी गावोगाव जुलूम केले, हे खरे आहे. त्यांचा पुढारी कासीम रझवी लातूरला वकिली करत असे. पण भारतात सामील व्हा असे लिहिणारे शोएबुल्ला खान हे 'इमरोज' या उर्दू दैनिकाचेच संपादक होते, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा त्यासाठी खून झाला. पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमान मारले गेले, हेही खरे आहे. त्याची चौकशी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांनी केली. त्यांचा अहवाल पुष्कळ वर्षे लोकांसमोर आला नाही. असा विषय वर्गात निघाला की काही मुले मान खाली घालून बसतात. हा पेपर टाळावा असे त्यांना वाटते. मला वाटते, त्यांनीच तो घ्यावा. घरी ऐकलेले आणि कागदावर सापडलेले शेजारी ठेवून पाहायला तिथे शिकता येते.

मराठीची अडचण येईल का? थोडी येईल. उत्तरे बहुधा मराठीतच लिहावी लागतील, म्हणून आतापासून रोज एक पान मराठी लिहीत जा. पण महसूल, तहसील, दप्तर, जमाबंदी, अर्ज हे मराठी इतिहासातले शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत.

या सुट्टीत शिक्षकांबरोबर कंधारचा किल्ला पाहून या. तिथे अरबी-फारसी शिलालेख आहेत. अक्षरे तुमच्या माहितीची आहेत, वळण मात्र जुने आहे. वही बरोबर न्या आणि जेवढे वाचता येईल तेवढे उतरवून आणा.