तीन महिने जिल्ह्यात

परवा नात आली ती तणतणतच. ती मुंबईत बालरोगशास्त्रात एम.डी. करते आहे, दुसरं वर्ष. पिशवी सोफ्यावर टाकली आणि म्हणाली, "आजी, मला पुढे नवजात बाळांचंच काम करायचंय. त्या विभागात हात बसायला लागला, तर आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात! तिथे मला शिकवणार कोण?"

मी आधी चहा टाकला. शिकवणार कोण, हा प्रश्न एका जुन्या मास्तरणीला विचारला होता, म्हणजे उत्तर घाईनं देऊन चालणार नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. २०२० मध्ये नियम झाला, की एम.डी., एम.एस. करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरनं तिसऱ्या ते पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करायचं. बालरोगाची मुळात तीनच वर्षं. त्यात नवजात विभाग, अतिदक्षता विभाग, हृदय, मेंदू, रक्ताचे आजार... सगळ्याची नुसती तोंडओळख व्हायची. म्हणून त्यातले तीन महिने गेले की पोरं हळहळतात. मला ते कळतं.

पण मला १९७४ साल आठवतं. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडच्या बाजूला, माझी नोकरी नवी होती. चौथीतला एक मुलगा संध्याकाळी पेंढा काढायला गेला आणि त्याला लाल विंचू चावला. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार. दवाखान्यात दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं आणि तालुक्याला न्या म्हणाले. पहाटेपर्यंत तोंडाला फेस येऊन तो गेला. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना सवयीनं मी त्याचं नाव पुकारलं. वर्गात कुणीच काही बोललं नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसून त्यांनी पाहिलं, की माणूस वेदनेनं मरत नाही. हृदय थकतं, फुप्फुसात पाणी होतं. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला. पुण्याला एम.डी. करून ते रायगडातच परतले आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं औषध त्यांनी विंचूदंशाला वापरलं. आधी शंभरात पंचवीस-तीस रुग्ण दगावत, ते प्रमाण एक-दोनावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे ज्ञान मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात सापडलं नसतं, कारण तिथवर ती मुलं पोचतच नव्हती.

हे सगळं ऐकून नात म्हणाली, "पण आजी, प्रत्येक जण काही बावस्कर नसतो."

खरं आहे. म्हणूनच माझं म्हणणं अर्धं तिच्या बाजूचं आहे. डी.एड.ला आमचे सराव पाठ असत. मागच्या बाकावर मार्गदर्शक बसत आणि पाठ संपला की वही लाल करून हातात देत. मागचं बाक रिकामं असतं, तर ते सराव पाठ झाले नसते, बिनपगारी बदली शिक्षक झालो असतो आम्ही! जिल्ह्यातल्या निवासी डॉक्टरचंही तसंच. तिच्यामागे रोज एक अनुभवी बालरोगतज्ज्ञ उभा हवा. नाहीतर ती फक्त रिकाम्या जागेवरचं ठिगळ.

आणि दुसरं. सक्तीचे तीन महिने द्या, पण एखादा महिना तिच्या आवडीचा विषय निवडायलाही द्या. अमेरिकेत बालरोगाच्या तीन वर्षांत पुढची वाट पाहून काही विषय निवडता येतात. आपल्यालाही ते जमायला हवं. आवडीनं घेतलेला विषय मुलं कशी शिकतात, हे मी पस्तीस वर्षं पाहिलं आहे.

पण सक्तीच्या बदल्यात आवड नको. दोन्ही हवं. जिल्हा रुग्णालयातही नवजात बाळांचा कक्ष असतो, आणि तिथे येणारी सव्वा-दीड किलोची बाळं तिचीच आहेत. फक्त इथे उपकरणं कमी, म्हणून डोळे आणि हात जास्त वापरावे लागतील.

नात पुढच्या सोमवारी जाते आहे. जाताना तिला एक कोरी वही दिली आहे. म्हटलं, जे पुस्तकात नाही ते यात लिही. भरून आणलीस, तर लाल शाई मी आणते.