बॅग आधी उलटी करून बघा

बॅगेवर डोंगराचं चित्र आहे, कापड जाड आहे, चिठ्ठीवर ‘हेवी ड्यूटी’ लिहिलंय. यातल्या कशावरूनही ती किती टिकेल ते मला सांगता येत नाही. मी बॅग उलटी करतो आणि चाक कशानं बसवलंय ते बघतो. स्क्रू दिसले तर बॅग जगेल. रिव्हेट दिसले तर तिचं आयुष्य त्या चाकाएवढंच. यवतमाळला दत्त चौकाजवळ माझं बॅग दुरुस्तीचं दुकान आहे. दप्तरांच्या चेनी, पर्सचे बंद, सुटकेसचे दांडे सगळं येतं, पण हल्ली सगळ्यात जास्त येतात ती चाकं.

त्याला कारण आमचे रस्ते. चाकांच्या बॅगेचं पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना १९७२ साली मिळालं. दोन चाकांवर तिरकी ओढायची, लांब दांड्याची बॅग १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानं काढली. दोघांच्याही डोळ्यांसमोर विमानतळाची फरशी होती. आमच्याकडे विमानतळ म्हणजे नागपूर, दीडशे किलोमीटर. यवतमाळची जुनी छोटी रेल्वे, शकुंतला, बंद पडली. वर्ध्याहून येणारी नवी लाइन फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंतच पोचली, त्यामुळे लांबची गाडी पकडायला यवतमाळकर धामणगाव नाही तर बडनेरा गाठतात. म्हणजे आधी एसटी. मनालीला ट्रेकला निघालेल्या पोरीची बॅग पहिला मार खाते तो स्टँडवरच्या गिट्टीत आणि डिकीतल्या पोत्यांखाली. हिमालय नंतर.

उलट्या बाजूनं टिपेश्वर अभयारण्याचे पाहुणे येतात. नागपूरहून गाडीनं पांढरकवडा, तिथून पुढे मुक्कामाची जागा. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस पडून गेलेला असतो आणि अंगणात काळी माती. चार फिरत्या चाकांची गुळगुळीत सुटकेस त्या मातीत दहा पावलं जाते. मग चाक आणि त्याचा चिमटा यांच्यात गारा बसतो, चाक फिरायचं थांबतं, पाहुणा जोर लावून ओढत राहतो. माझ्याकडे येणारं असं चाक मी लांबूनच ओळखतो: एका बाजूनं सपाट घासलेलं, जणू कानशीनं तासलंय. (याच टिपेश्वरमधला एक वाघ २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत पायी गेला. सामान काय, तर गळ्यातली रेडिओ कॉलर.)

म्हणून माझं ऐकाल तर खडबडीत प्रवासाला चार चाकांची बॅग घेऊ नका. दोनच चाकं, जागेवर पक्की, आठ-नऊ सेंटिमीटर व्यासाची, आणि अर्धी बॅगेच्या अंगात लपलेली. मोठं चाक गिट्टीवरून चढतं, लहान चाक तिच्यात अडकतं. चाक बोटानं फिरवून सोडा; बेअरिंग असेल तर ते बराच वेळ गरगरतं, नसेल तर दोन वेढ्यांत थांबतं. कडक प्लास्टिकची सुटकेस पुस्तकासारखी दोन्हीकडे उघडते, लहान खोलीत अर्धी पलंगावर येते. त्यापेक्षा वरून उघडणारी जाड नायलॉनची बरी. ती एसटीच्या डिकीत दबते आणि पुन्हा आपल्या रूपावर येते.

पण दणकट म्हणजे जड, हे विसरू नका. देशातल्या विमानात हातातल्या बॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते आणि ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरचं माप. चाकं, सांगाडा, दांडा धरून दणकट बॅग रिकामीच तीन किलोची भरते. मग कपडे, औषधं, कॅमेरा चार किलोत बसवा! चिठ्ठीवरचं माप काही वेळा चाकं सोडून दिलेलं असतं, तेव्हा टेप घेऊन स्वतः मोजा. आणि ज्याला पुढे दोन दिवस चालतच जायचंय, त्यानं चाकं कशाला न्यावीत? त्याला पाठीवरची सॅक पुरे. धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण खरं आहे.

मागे एक मुलगी संध्याकाळी आली. ‘‘काका, चाक बसवून देता काय? पहाटं गाडी हाये.’’ बॅग चांगली महागाची, अस्तराला आतून छोटी चेन. ती उघडली की चाकाची बैठक हाताला लागते. तिथं चार रिव्हेट. ड्रिलनं एकेक फोडला, आसावरचा केसांचा नि धाग्यांचा गुंता ब्लेडनं कापला. चाकाचं रबर बोट लावताच चुरा होऊन पडलं, कारण बॅग कित्येक वर्षं माळ्यावर होती. पॉलियुरेथेनची चाकं दमट हवेत न वापरताही अशीच सडतात. त्या मापाचं चाक माझ्याकडे नव्हतं. शेवटी लहान मुलांच्या स्केटचं चाक बेअरिंगसकट घातलं, बैठक थोडी तासली, रिव्हेटच्या जागी नट-बोल्ट. ते अजून फिरतंय म्हणते.

हे जुगाड मला का करावं लागावं? बॅगांचे मोठे कारखाने आपल्या नाशिकला आहेत, आणि एका साध्या चाकासाठी मी नागपूरच्या इतवारीत खेपा घालतो. वॉरंटी पाच-पाच वर्षांची देतात, पण सर्व्हिस सेंटर मोठ्या शहरात. बॅग तिथं पाठवायची नि प्रवास संपल्यावर परत घ्यायची. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं, गाड्या आल्या. बॅगा नाहीत. कंपन्यांना माझं मागणं फार मोठं नाही: चाकाच्या बैठकीवर त्याचा नंबर कोरा, ते चाक सुटं विका, रिव्हेटऐवजी स्क्रू लावा. स्क्रूचा खर्च किती येतो ते मला माहीत आहे, मीच विकत घेतो.

तोवर गिऱ्हाइकानंच विचारायला हवं. काउंटरवर बॅग उलटी करा आणि सुटं चाक कुठं मिळेल ते विचारा. ‘ही चाकं तुटतच नाहीत’ असं उत्तर मिळालं, तर शेजारच्या दुकानात जा.