सहा फुटांची दोरी



आमचा बंड्या घरात अगदी साधू. पोस्टमन आला तरी एक डोळा उघडून परत झोपणार. साडेतीन वर्षांचा असताना इथल्या, न्यू जर्सीतल्या, शेल्टरमधून आणला. लॅब आणि आणखी कसलंतरी मिश्रण, वजन ६२ पौंड. पण गळ्यात दोरी अडकवून बाहेर नेला आणि समोर दुसरा कुत्रा दिसला, की साहेब मागच्या दोन पायांवर उभे! भुंकणं, हिसके, सगळा पार्किंग लॉट खिडकीत.

एप्रिलमध्ये आई आली. वय ६८. सकाळी बंड्याला मीच नेणार म्हणाली. तिसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरून अचानक एक पूडल आला, बंड्यानं झेप घेतली आणि आई पडली. मनगटाला बारीक फ्रॅक्चर. दोन दिवसांनी अपार्टमेंटच्या ऑफिसचं पत्र. रात्री बायको हळूच म्हणाली, "हे असंच चालणार असेल तर त्याला ठेवायचं का, याचा विचार करायला हवा." मला उत्तर सुचलं नाही.

खरं सांगायचं तर चूक माझीच होती. तोवर मी काय करत होतो? दुसरा कुत्रा दिसला की दोरी ताणायची आणि "नो!" ओरडायचं. कोणीतरी सांगितलं म्हणून आतून काटे असलेला पट्टाही आणला होता. त्यानं प्रकार वाढलाच. बंड्याच्या बाजूनं बघा ना: कुत्रा दिसतो, लगेच गळा दुखतो, मालक ओरडतो. म्हणजे कुत्रा दिसणं वाईटच!

प्लॅस्टर घातलेली आईच एकदा म्हणाली, "अरे, आपल्या साताऱ्याला मोकळी कुत्री एकमेकांना बघून वाट वाकडी करून जातात. बांधलेलं कुत्रंच जास्त भुंकतं. त्याला पळता येत नाही ना!" दहा वर्षं लोकांचे बग शोधतोय, पण हा मला दिसला नव्हता. बंड्या दादागिरी करत नव्हता, तो घाबरला होता. सहा फुटांच्या दोरीत बाजूला सरकायला जागाच नाही, मग समोरच्यानं दूर जावं म्हणून हा आरडाओरडा.

आधी व्हेटकडे जाऊन कुठे दुखत नाही ना, हे तपासून घेतलं. तिनं एक ट्रेनर सुचवली. काट्यांचा पट्टा कचऱ्यात गेला, छातीवर कडी असलेला हार्नेस आला. (अमेरिकन व्हेटरिनरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेवियरनं २०२१ च्या निवेदनात स्पष्ट म्हटलंय, की शिक्षेनं नव्हे, बक्षीस देऊनच शिकवा, आक्रमक कुत्र्यांनासुद्धा.)

पुढचं काम मात्र कंटाळवाणं. बंड्या दुसऱ्या कुत्र्याकडे बघेल, पण भुंकणार नाही, एवढं अंतर आधी शोधायचं. मी ते पार्क केलेल्या गाड्यांत मोजायचो. सुरुवातीला आठ गाड्या! तेवढ्या लांबून कुत्रा दिसला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. कुत्रा गेला की चिकन बंद. क्रम महत्त्वाचा: आधी कुत्रा, मग चिकन. उलटं केलंत तर तो चिकन बघूनच सावध होतो. तोंड मिटलं, अंग ताठ झालं, तुकडा नाकारला, म्हणजे आपण फार जवळ आलो. अशा वेळी शिकवणी नाही, "माघारी!" म्हणायचं आणि सरळ उलटं फिरायचं. हे माघारी फिरणं घरातल्या हॉलमध्ये शंभरदा करून घेतलं होतं. आणि दोरी सैल. माझा हात ताणला की त्याला कळतंच.

जुलैअखेर आठाच्या तीन गाड्या झाल्या. ऑगस्टमध्ये एक मोकळा कुत्रा धावत अंगावर आला, मागून मालक ओरडतोय, "ही इज फ्रेंडली!" पुन्हा आठ गाड्या. दोन दिवस फेरी बंद, घरातच खाऊ लपवून शोधायला लावला आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.

ऑक्टोबरमध्ये आई परत निघाली, त्या दिवशी सकाळी हट्टानं आमच्याबरोबर आली. दोरी माझ्या हातात. आई शाकाहारी, म्हणून तिच्या पिशवीत बिनमिठाचं पनीर. तोच पूडल रस्त्यापलीकडून गेला. बंड्यानं त्याच्याकडे पाहिलं, कान टवकारले... आणि मान वळवून आईच्या पिशवीकडे बघितलं. आई काही बोलली नाही. पनीर मात्र सगळंच देऊन टाकलं.

बंड्या आजही कुत्र्यांचा मित्र नाही, बहुधा होणारही नाही. मला ते चालतं. बायकोनं तो विषय परत काढलेला नाही.

तेव्हा मंडळी, कुत्रा घेऊन येणारा कोणी तुम्हाला बघून रस्ता ओलांडून गेला तर त्याला शिष्ट समजू नका. आणि तुमचा कुत्रा कितीही गुणी असला तरी दोरी सोडू नका. समोरच्यानं कदाचित चार महिने गाड्या मोजल्या असतील.

असो. चूकभूल द्यावी घ्यावी.