भांडण दोन सरकारांचे, गाडी बंद आमची

शिवरे, खेड शिवापूर, नसरापूर, कापूरहोळ भागातील बंधू-भगिनींनो,

पुणे-बंगळूर महामार्ग आपल्या दारावरून जातो. रात्री टोलनाक्याच्या अलीकडे घटकाभर उभे राहा. हुबळी, बंगळूर, गोव्याच्या खासगी स्लीपर गाड्या एकामागून एक जातात. त्यांत परराज्यात निघालेली आपली एसटी किती वेळा दिसते, तेही पाहा.

महामंडळ म्हणेल, गाड्याच नाहीत. खोटे नाही ते. अठरा हजारांवरचा ताफा पंधरा हजारांच्या आसपास आला. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ च्या संपात लांब पल्ल्याचा प्रवासी खासगीकडे गेला, तो सगळा परत आला नाही. पण कर्नाटकच्या फेऱ्यांना आणखी एक रोग आहे. दोन सरकारांचे वाजले की पहिला बळी एसटीचा.

२१ फेब्रुवारी २०२५ ला बेळगावजवळ भाषेवरून कर्नाटकच्या वाहकाला मारहाण झाली. त्याच रात्री चित्रदुर्गजवळ आपल्या एसटीच्या चालकाला काळे फासले. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी कर्नाटकात जाणाऱ्या एसटी थांबवल्या. डिसेंबर २०२२ मध्येही गाड्या अशाच थांबल्या होत्या. आणि आपणही साळसूद नाही: पुण्यात कर्नाटकच्या गाड्यांना काळे फासणारे आपलेच होते. गुन्हेगाराला पकडा, खटला चालवा, आमचे काही म्हणणे नाही. पण बेळगावला दिलेली लेक, सौंदत्तीला रेणुकेच्या दर्शनाला निघालेली आजी आणि इथल्या गोदामांत राबायला आलेला विजापूरचा गडी यांनी कोणाला काळे फासले?

स्लीपरवाल्याला मात्र सीमावाद आडवा येत नाही. एसटी परराज्यात न्यायची तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ८८ खाली दोन राज्यांचा करार लागतो, फेऱ्या आणि किलोमीटर ठरवून घ्यावे लागतात. त्यामुळे एकाने हात आखडला की दुसराही आखडतो. खासगीवाला अखिल भारतीय पर्यटक परवाना काढतो आणि देशभर मोकळा. (पर्यटक! बेळगावला बाळंतपणाला निघालेली बाई पर्यटक.) अशा गाडीला वाटेत टप्प्याटप्प्याने प्रवासी घेण्या-उतरवण्याची मुभा कायद्यात नाही. म्हणजे ती शिवऱ्याला थांबली तर नियमभंग, आणि नाही थांबली तर आपण सामान घेऊन उलटे कात्रजला जायचे.

भाड्याची गंमत तर पाहा. खासगी गाडीने एसटीच्या त्याच दर्जाच्या गाडीच्या दीडपटीहून जास्त भाडे घेऊ नये, असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. चांगला निर्णय. पण त्या वाटेवर एसटीच उरली नाही, तर प्रवाशाने दीडपट मोजायची कशाच्या? दिवाळीत आणि लग्नसराईत मोबाइलवर जो आकडा दिसतो तो मुकाट्याने भरायचा. एसटी धावते तेव्हा तिच्यात न बसणाऱ्याचेही भाडे आटोक्यात राहते, हे मंत्रालयात कोणी मोजत नाही.

महिलांचे अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांचा मोफत प्रवास राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतो. कर्नाटकच्या शक्ती योजनेचा फायदा तिकडच्याच रहिवासी महिलांना. हद्द ओलांडली की आपल्या म्हातारीला पूर्ण तिकीट. दोन सरकारांनी एकदा बसून हे मिटवावे. करार करायचाच असतो, त्यात हेही घाला.

आमचे म्हणणे साधे आहे. एका घटनेवरून अख्खी आंतरराज्य सेवा बंद करू नका. जिथे तणाव आहे तेवढ्याच टप्प्यात पोलीस बंदोबस्त द्या. आग्यामोहोळ उठले म्हणून कोणी अख्खा डोंगर सोडून जात नाही. थांबवावीच लागली, तर पुन्हा कधी सुरू होणार ते त्याच दिवशी जाहीर करा. आणि स्वारगेटहून निपाणी-बेळगावकडे जाणाऱ्या दिवसाच्या आणि रात्रीच्या निदान एकेका गाडीला खेड शिवापूर आणि चेलाडी फाट्याला अधिकृत थांबा द्या. हात दाखवून गाडी थांबते की नाही, हे चालकाच्या मर्जीवर ठेवू नका.

येत्या १ मेच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. शेजारच्या गावांतही मांडायला सांगा. ठरावाची एक प्रत भोर आगार व्यवस्थापकांना, एक पुण्याच्या विभाग नियंत्रकांना, एक आपल्या आमदारांना द्या. टपालाने पाठवू नका, हातात द्या, आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.

— शिवरे परिसरातील एसटीचे प्रवासी

(वाचून झाल्यावर पत्रक फेकू नका, शेजारी द्या.)